गाडीतील हवा आणि ज्येष्ठांचा श्वास : केबिन फिल्टर स्वतः निवडावा कसा, बदलावा कसा?

दम्याचा किंवा जुनाट खोकल्याचा वयस्क रुग्ण समोर बसला, की आम्ही डॉक्टर मंडळी काही ठरलेले प्रश्न विचारतो. घरात चूल पेटते का, देवघरात धूप-उदबत्ती किती वेळ जळते, भिंतींना ओल आहे का, खिडकीत कबुतरे बसतात का, विडी-तंबाखूची सवय होती का? गाडीविषयी मात्र क्वचितच कोणी विचारतो. वास्तविक आज अनेक ज्येष्ठांचा मोठा वेळ चारचाकीत जातो. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीनदा शहराच्या ठिकाणी जाणे, तपासण्यांसाठी हेलपाटे, लग्नकार्ये, पुण्या-मुंबईच्या मुलांकडे ये-जा, हे सारे काचा बंद करून आणि एसी लावून होते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला साधारण सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. म्हणजे दोन तासांच्या प्रवासात सातशे ते साडेनऊशे लिटर हवा त्याच्या फुप्फुसांतून जाते. ही हवा ज्या एका घडीदार कापडी चौकटीतून गाळून येते, तिचे नाव केबिन एअर फिल्टर. गॅरेजात तिला ‘एसी फिल्टर’ किंवा ‘पोलन फिल्टर’ असेही म्हणतात.

ही चौकट बदलण्यासाठी फारशी हत्यारे लागत नाहीत आणि बहुतेक गाड्यांत पंधरा-वीस मिनिटांपेक्षा अधिक वेळही लागत नाही. तरीही ती वर्षानुवर्षे तशीच राहते, कारण ती नजरेआड असते. वृद्धांची काळजी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला हे काम घरच्या घरी करता यावे, यासाठी हा लेख.

हा फिल्टर नेमका कोठे असतो?

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. गाडीत हवेचे दोन फिल्टर असतात. बॉनेट उघडल्यावर मोठ्या काळ्या डबीत असतो तो इंजिनाचा एअर फिल्टर. तो इंजिनासाठी असतो. आपल्या श्वासाशी त्याचा संबंध नाही. केबिन फिल्टर वेगळा. पावतीवर नुसते ‘एअर फिल्टर बदलला’ असे लिहिले असेल, तर दोहोंपैकी कोणता, हे विचारून घ्यावे.

आपल्याकडील बऱ्याच लहान-मध्यम गाड्यांत केबिन फिल्टर चालकाशेजारच्या आसनासमोर, डॅशबोर्डच्या कप्प्यामागे म्हणजे ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. काही गाड्यांत तो पाय ठेवण्याच्या जागेत मधल्या भागाच्या बाजूस असतो, तर काहींत समोरच्या काचेखाली, वायपरजवळच्या काळ्या जाळीखाली. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत त्याची जागा आकृतीसह दिलेली असते. जुन्या किंवा स्वस्तातील काही मॉडेलांत कंपनीने फिल्टर बसवलेलाच नसतो. खाच असते, पण ती रिकामी असते. अशा गाडीत बाहेरची धूळ थेट ब्लोअरमधून आत येते. आपल्या गाडीत फिल्टर आहे की नाही, याची खात्री हीच पहिली पायरी.

ज्येष्ठांनाच अधिक त्रास का?

वय वाढते तशी फुप्फुसांची लवचीकता कमी होते. श्वासनलिकांतील कफ वर ढकलणाऱ्या सूक्ष्म केसांची हालचाल मंदावते आणि खोकल्याची उबळही पूर्वीइतकी जोरकस राहत नाही. आत शिरलेली धूळ तरुण माणूस खोकून बाहेर टाकतो; सत्तरीच्या व्यक्तीत ती रेंगाळते. त्यात दमा, सीओपीडी, जुना क्षय, हृदयविकार किंवा मधुमेह असला, तर थोड्याशा धुरानेही धाप लागते.

धुळीतील मोठे कण नाक आणि घसा अडवून धरतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, ज्यांना पीएम २.५ म्हणतात, ते मात्र वायुकोशांपर्यंत पोहोचतात. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून हे कण किती बारीक आहेत, याची कल्पना येईल. फुप्फुसांबरोबर हृदय आणि रक्तवाहिन्यांवरही त्यांचा परिणाम होतो. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार चोवीस तासांतील पीएम २.५ चे सरासरी प्रमाण घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच मर्यादा १५ मायक्रोग्रॅम सुचवली. धूर सोडणाऱ्या ट्रकमागे घाट चढत असताना गाडीभोवतीची हवा या दोन्ही मर्यादांच्या पुष्कळ पलीकडे गेलेली असू शकते.

माझा दवाखाना पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी आहे. येथे ऋतूप्रमाणे धूळही बदलते. साखर कारखाने सुरू झाले, की चिमणीतून उडणारी काजळी अंगणातल्या कपड्यांवर येऊन बसते. उसाची तोडणी झाल्यावर शेतात पाचट जाळले जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये ज्वारी-गव्हाच्या मळणीचा भुसा उडतो. पावसाळ्यानंतर रस्त्याकडेचे गाजरगवत फुलते आणि त्याच्या परागांनी शिंका, नाक गळणे, डोळे चुरचुरणे सुरू होते. शहरात यांची जागा बांधकामाची धूळ आणि वाहनांचा धूर घेतात. हे सगळे गाडीच्या फिल्टरवर साठत असते.

सत्तरी ओलांडलेल्या एका दमेकरी आजी गेल्या हिवाळ्यात आल्या. त्यांच्या मुलाने एक गोष्ट अचूक टिपली होती. घरी त्या बऱ्या असत. लेकीकडे जाण्यासाठी गाडीत बसल्या, की अर्ध्या तासात खोकला सुरू होई आणि उतरल्यावर तासाभराने शमे. गाडीची सर्व्हिसिंग दर वर्षी होत होती. मी त्यांना फिल्टर स्वतः उघडून पाहायला सांगितले. तो त्यांनी पिशवीत घालून दवाखान्याबाहेर आणून दाखवला. मूळचा पांढरा कागद काळपट पडलेला, घड्यांत काजळी, भुशाचे तुकडे आणि वाळक्या पानांचा चुरा, आणि सगळ्याला ओलसर कुबट वास. नवा फिल्टर बसवल्यावर आजींचा प्रवासातील खोकला बराच कमी झाला. त्याच वेळी आजींची पंप ओढण्याची पद्धतही मी सुधारून दिली होती, म्हणून सारे श्रेय एकट्या फिल्टरला देता येणार नाही. परंतु औषध चालू असताना दर आठवड्याला तीच धूळ नाकात जात राहिली, तर औषधाचा उपयोगही अर्धवटच होतो.

बदलण्याची वेळ झाली, हे कसे ओळखावे?

ब्लोअर पूर्ण वेगावर असूनही हवा मंद येणे, हे सर्वांत ठळक लक्षण. ब्लोअरचा आवाज मोठा आणि झोत मात्र क्षीण, असे दिसले तर फिल्टर तुंबलेला असण्याची शक्यता अधिक. एसी सुरू करताच ओल्या फडक्यासारखा वास येणे, डॅशबोर्डवर पुन्हा पुन्हा बारीक धूळ बसणे आणि पावसाळ्यात समोरच्या काचेवरचे बाष्प लवकर न हटणे, ही इतर लक्षणे. शेवटचे लक्षण सुरक्षिततेशी निगडित आहे. झोत अपुरा असेल तर काच स्वच्छ होत नाही, आणि मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या चालकाला धूसर काचेतून पावसात गाडी चालवणे धोक्याचे ठरते.

अनेक उत्पादक साधारण दहा ते वीस हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत सांगतात; आपल्या गाडीची नेमकी मुदत पुस्तिकेत पाहावी. कच्चे रस्ते, मळणी, बांधकाम किंवा कारखान्याचा धूर जवळ असेल, तर दर सहा महिन्यांनी फिल्टर काढून पाहावा. घरात श्वसनविकाराचा रुग्ण असल्यास वर्षातून एकदा, शक्यतो पावसाळा संपल्यावर दिवाळीच्या सुमारास, तो बदलावाच. पावसाळ्यातील ओल आणि बुरशी त्यामुळे निघून जाते आणि हिवाळ्याच्या धुरकट दिवसांना नवा फिल्टर तोंड देतो.

निवड कशी करावी?

दुकानात प्रामुख्याने तीन प्रकार दिसतात.

साधा फिल्टर पांढऱ्या घडीदार कृत्रिम कापडाचा असतो. धूळ, पराग आणि भुसा तो चांगला अडवतो. किंमत काही शे रुपये असते. वाहनांच्या वर्दळीपासून दूर राहणाऱ्या आणि कोणताही श्वसनविकार नसलेल्या कुटुंबास तो पुरेसा आहे.

कार्बन फिल्टर करड्या किंवा काळसर रंगाचा असतो. यात सक्रिय कोळशाचा थर असून तो डिझेलचा वास, धुरातील काही वायू आणि दुर्गंधी शोषून घेतो. शहरात रोज अडकतमडकत प्रवास करणाऱ्या, उग्र वासाने दमा उसळणाऱ्या किंवा गाडी लागणाऱ्या ज्येष्ठांसाठी मी याचीच शिफारस करते. तो थोडा महाग असतो. कोळशाची शोषण्याची क्षमता संपली, की फिल्टर दिसायला बरा असला तरी वास अडवत नाही, म्हणून मुदत पाळणे आवश्यक.

तिसरा प्रकार ‘हेपा’ अथवा ‘पीएम २.५’ असे लिहिलेला. अमेरिकी निकषानुसार खऱ्या हेपा फिल्टरने ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकी किमान ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. गाडीच्या फिल्टरवरील ‘हेपा’ या शब्दामागे ही कसोटी दर वेळी असतेच असे नाही. वेष्टनावर चाचणीचा निकष आणि टक्केवारी दिलेली आहे का, ते पाहावे. नुसता ‘हेपा टाइप’ असा उल्लेख असेल, तर त्यासाठी दुप्पट पैसे मोजू नयेत. शिवाय फार दाट फिल्टर गाडीच्या ब्लोअरला झेपत नाही. झोत मंदावतो आणि उन्हाळ्यात मागच्या आसनावरील वृद्धांना गारवाच पोहोचत नाही.

यांपैकी कोणताही घेतला, तरी मापे तंतोतंत जुळली पाहिजेत. दुकानात गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंधनाचा प्रकार सांगावा. आरसी बुकावरील चासी नंबर सोबत असल्यास उत्तम. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक फिल्टरची मापे बदललेली असतात. सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जुना फिल्टर काढून त्याची लांबी, रुंदी व जाडी पट्टीने मोजणे आणि मोबाइलवर छायाचित्र काढून नेणे. चार-पाच मिलिमीटरची फट राहिली, तरी हवा तेथूनच वाट काढते आणि फिल्टर असून नसल्यासारखा होतो. घड्या एकसारख्या आहेत का, कडा सरळ आहेत का, वेष्टनावर उत्पादकाचे नाव व किंमत छापलेली आहे का, हेही तपासावे. सुगंधी फिल्टर मात्र घेऊ नये. दमेकऱ्यांना सुगंधच बाधतो.

काम कोणी करावे?

ज्याला दमा, सीओपीडी किंवा धुळीची ॲलर्जी आहे, त्याने स्वतः फिल्टर काढू नये. स्टेरॉइडच्या गोळ्या, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरची औषधे चालू असलेल्यांनी बुरशी धरलेल्या वस्तूला हातच लावू नये. इतर ज्येष्ठांनी हौसेने हे काम जरूर करावे. निवृत्तीनंतर असे उपयोगी काम मनालाही बरे वाटते. काही पथ्ये मात्र पाळावीत.

पायाजवळच्या जागेत उलटे वाकून डोके खाली घालू नये. चक्कर येणाऱ्यांना आणि मानेचा त्रास असणाऱ्यांना ते महागात पडते. गाडीचे दार पूर्ण उघडून, बाहेर ठेवलेल्या बुटक्या स्टुलावर बसून हात आत घालावा. ज्यांचे गुडघे कुरकुरतात, त्यांनी आसन शक्य तितके मागे सरकवून त्यावरच बसावे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी हातमोजे घालावेत, कारण प्लॅस्टिकच्या कडा धारदार असतात. मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांना कापलेले कळतही नाही. त्यांच्यासाठीही हातमोजे आवश्यक. वाचण्याचा चष्मा, टॉर्च, एन ९५ मास्क, ओले फडके आणि एक मोठी प्लॅस्टिकची पिशवी जवळ ठेवावी. काम सकाळी, सावलीत, गाडी मोकळ्या जागी उभी करून करावे.

प्रत्यक्ष कृती

ग्लव्ह बॉक्समागे फिल्टर असणाऱ्या गाडीची रीत येथे देत आहे. आपल्या गाडीत तपशिलाचा थोडा फरक असू शकतो.

१. हँडब्रेक लावावा. इंजिन व ब्लोअर बंद करून किल्ली काढून घ्यावी.

२. ग्लव्ह बॉक्स पूर्ण रिकामा करावा. त्यात औषधे सापडली, तर ती पुन्हा तेथे ठेवू नयेत. उन्हात उभ्या गाडीत पंप, इन्सुलिन आणि छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायच्या गोळ्या उष्णतेने खराब होतात. ऐन वेळी त्यांचा गुण येत नाही. प्रवासात ही औषधे हातातल्या पिशवीत असावीत.

३. कप्पा उघडून त्याच्या कडेला दोरी किंवा बारीक दांडी आहे का, ते पाहावे. असल्यास ती हलकेच सोडवावी.

४. कप्प्याच्या दोन्ही बाजूंच्या भिंती हाताने आत दाबाव्यात. अडकण्या सुटून कप्पा खाली झुकतो. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना फिरवून काढायचे खुंट असतात, काहींत स्क्रू. जोर लावूनही काही निघत नसेल, तर थांबावे आणि पुस्तिका पाहावी. प्लॅस्टिक तुटले, तर दुरुस्ती फिल्टरपेक्षा महाग पडते.

५. मागे एक आडवे किंवा उभे झाकण दिसेल. त्याच्या टोकाच्या चिमट्या दाबून ते काढावे. पुढे हात घालण्यापूर्वी मोबाइलवर छायाचित्र घ्यावे.

६. मास्क लावून जुना फिल्टर सावकाश, न तिरका करता बाहेर ओढावा. झटका दिला तर साठलेला कचरा आतच सांडतो. काही गाड्यांत तो दोन तुकड्यांचा असतो, तेव्हा दुसरा तुकडा आत राहिला नाही ना, हे टॉर्चने पाहावे.

७. कोणती बाजू मळलेली आहे, ते नीट पाहून लक्षात ठेवावे आणि फिल्टर लगेच पिशवीत घालून तोंड बांधावे. तो झटकू नये.

८. खाच ओल्या फडक्याने पुसावी. पाने दिसल्यास बोटांनी बाहेर काढावीत, आत ढकलू नयेत. ती ब्लोअरच्या पंख्यात गेली तर खडखडाट सुरू होतो.

९. नव्या फिल्टरच्या कडेवर तारीख आणि किलोमीटर पेनाने लिहावेत. मग बाणाकडे लक्ष द्यावे. ‘एअर फ्लो’ लिहिलेला बाण हवेची दिशा दाखवतो, तर ‘अप’ लिहिलेला बाण फिल्टरची कोणती बाजू वर ठेवावी, एवढेच सांगतो. या दोहोंत अनेकांची गफलत होते. एक सोपी खूण सांगते. हवा ज्या बाजूने आत शिरते, तीच बाजू मळते. म्हणून नव्या फिल्टरचा ‘एअर फ्लो’ बाण जुन्याच्या मळक्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे जाणारा असावा. जुना फिल्टर कोणी उलटा बसवला असला, तरी ही खूण फसत नाही.

१०. फिल्टर न चुरगाळता सरळ आत सरकवावा. झाकण ‘टक’ असा आवाज होईपर्यंत दाबावे आणि कप्पा पूर्ववत बसवावा.

११. चारही दारे उघडून इंजिन सुरू करावे व ब्लोअर दोन-तीन मिनिटे पूर्ण वेगावर चालवावा. मागे राहिलेली धूळ या वेळी उडते, म्हणून रुग्णाने गाडीपासून दूर राहावे. खडखड ऐकू आली, तर आत काही पडले आहे असे समजून पुन्हा उघडून पाहावे.

शेवटी हात साबणाने धुवावेत. पुढील बदलाची तारीख घरातल्या दिनदर्शिकेवर, औषधांच्या तारखांशेजारीच, लिहून ठेवावी.

धुऊन किंवा हवा मारून चालेल का?

हा प्रश्न हमखास येतो. धुता येण्याजोगा आहे असे उत्पादकाने स्पष्ट लिहिले नसेल, तर फिल्टर धुऊ नये. बऱ्याच फिल्टरांच्या धाग्यांवर स्थिर विद्युतभार दिलेला असतो आणि बारीक कण त्यामुळे खेचले जातात. पाण्याने तो भार जातो, घड्या बसतात आणि ओल राहून बुरशी धरते. गॅरेजात कॉम्प्रेसरची हवा मारून फिल्टर ‘साफ’ करतात, त्याने वरवरचा कचरा उडतो. घड्यांत रुतलेले सूक्ष्म कण निघत नाहीत आणि कधी कागद फाटतो. पावतीवर ‘स्वच्छ केला’ असे असेल, तर तो बदललेला नाही, हे ध्यानात घ्यावे. बदलण्याचे पैसे दिले असतील, तर जुना फिल्टर दाखवण्याची विनंती निःसंकोच करावी.

उंदीर, पाने आणि डांबर गोळ्या

झाडाखाली दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीत पाने काचेखालच्या जाळीत साचतात. ती दर आठवड्याला हाताने काढावीत. अन्यथा पाणी निचरण्याची भोके तुंबतात आणि ओल आत शिरते.

उंदरांचा प्रश्न अधिक गंभीर आहे. फिल्टरच्या खाचेत कापसा-कागदाचे घरटे किंवा लेंड्या आढळल्या, तर त्या कोरड्या झाडू नयेत आणि त्यांवर ब्लोअरही सुरू करू नये. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. त्याचे जंतू हातावरील जखमांतून व चिरांतून शरीरात शिरतात आणि यकृत व मूत्रपिंडांना इजा करतात. मास्क आणि रबरी हातमोजे घालावेत. एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांत भिजवलेल्या फडक्याने घाण पाच मिनिटे ओली ठेवून मग उचलावी. हे पाणी एसीच्या धातूच्या जाळीवर ओतू नये. घाण खोलवर असेल, तर काम गॅरेजकडे सोपवावे. पुढील दोन-तीन आठवड्यांत ताप, तीव्र अंगदुखी किंवा डोळे लाल होणे असे काही झाल्यास डॉक्टरांना हा संपर्क आवर्जून सांगावा.

उंदीर पळवण्यासाठी बॉनेटखाली डांबर गोळ्या किंवा तंबाखूची पाने ठेवण्याची पद्धत आहे. त्यांची वाफ हवेच्या जाळीतून थेट आत येते. डांबर गोळ्यांतील नॅफ्थलिनने डोके दुखते आणि मळमळते; जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असलेल्यांच्या रक्तपेशी त्याने फुटू शकतात. दमेकऱ्याच्या गाडीत या गोळ्या, उग्र अत्तरे आणि उदबत्ती, तिन्ही वर्ज्य समजावीत.

फिल्टर काय करू शकत नाही?

फिल्टर नवा असला, तरी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अडत नाही. कोळशाचा थरही त्याला रोखू शकत नाही. त्याला रंग नाही, वास नाही. लग्नाच्या ठिकाणी किंवा रुग्णालयाच्या तळघरातील वाहनतळात आजोबांना ‘एसी लावून देतो, गाडीतच पडा’ असे सांगून जाणे धोक्याचे आहे. बंदिस्त जागी इंजिन चालू ठेवून गाडीत झोपू नये. गाडीतील सर्वांचेच एकाच वेळी डोके दुखू लागले, मळमळले किंवा गुंगी आली, तर तत्काळ काचा उघडून बाहेर पडावे. याउलट इंजिन बंद करून उन्हात गाडीत बसवून ठेवणेही तितकेच घातक. बंद गाडी झपाट्याने तापते आणि वृद्धांना उष्माघात होऊ शकतो.

आतलीच हवा फिरवणारे बटण, ज्यावर गाडीच्या चित्रात वळलेला बाण असतो, तेही समजून वापरावे. बोगद्यात, वाहतूक कोंडीत किंवा धुराच्या मागे ते जरूर लावावे. तीन-चार माणसे बसली असताना ते सतत लावून ठेवले, तर उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड साठत जातो. डोके जड होते आणि चालकालाही पेंग येते. दर पंधरा-वीस मिनिटांनी काही वेळ बाहेरची हवा आत घ्यावी. मुक्कामी पोहोचण्यापूर्वी तीन-चार मिनिटे एसी बंद करून नुसता ब्लोअर चालवला, तर आतील ओल सुकते आणि कुबट वास धरत नाही.

दोष प्रत्येक वेळी गाडीचा नसतो

फिल्टर बदलूनही खोकला राहिला, तर केवळ आणखी महाग फिल्टर आणून वेळ दवडू नये. रात्री आडवे पडल्यावर खोकला येणे, पायांवर सूज आणि जिना चढताना नव्याने लागलेली धाप ही हृदय कमकुवत झाल्याची लक्षणे असू शकतात. ‘गाडीतल्या एसीने छातीत गारठा बसला’ असे सांगत आलेल्या एका गृहस्थांचे खरे दुखणे हेच निघाले. वेळीच औषध सुरू झाले म्हणून ते सावरले. रक्तदाबासाठीच्या एनॅलाप्रिल, रॅमिप्रिल यांसारख्या गोळ्यांनीही काहींना कोरडा खोकला येतो. अशा वेळी गोळी स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना विचारावे. दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असल्यास क्षयासाठी थुंकीची तपासणी करून घ्यावी.

बसल्या जागी धाप लागणे, एक वाक्यही सलग बोलता न येणे, ओठ निळसर होणे, छातीत दडपण, अचानक गुंगी किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर प्रवास तेथेच थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी अथवा जवळचे रुग्णालय गाठावे.

येत्या सुट्टीच्या दिवशी गाडीची पुस्तिका काढून फिल्टरची जागा शोधावी आणि तो एकदा उघडून पाहावा. तो काळवंडलेला असेल, तर मापे घेऊन नवा आणावा. घरातील आजी-आजोबांना पुढच्या तपासणीसाठी नेण्यापूर्वी हे काम उरकलेले असावे.